गिटारोन गळ्यात अडकवला तेव्हा

गेल्या शनिवारी पहिल्यांदा गिटारोन गळ्यात अडकवला आणि तेव्हापासून डॅन शीही डोक्यातून जातच नाहीयेत. गिटारोन म्हणजे मारियाचीतला (मेक्सिकोच्या पारंपरिक वाद्यवृंदातला) बास, भलंमोठं पोट, सहा जाड तारा, पडदे नाहीत, आणि एक सूर काढायला दोन तारा एकदम ओढायच्या, एक खर्जातली आणि दुसरी सप्तकभर वरची. मोकळा ए हा सूर वाजवायचा तर अगदी दोन टोकांच्या तारा! तेव्हा कुठे तो आवाज ट्रंपेट-व्हायोलिनच्या गर्दीतून बाहेर येतो. वर्षभर रेकॉर्डिंग ऐकत होते पण हे कानाला कधी कळलंच नाही, बोटं लाल झाली तेव्हा कळलं.

शीही एथ्नोम्युझिकॉलॉजिस्ट आहेत, म्हणजे संगीत आणि ते वाजवणारी माणसं यांचा एकत्र अभ्यास करणारे. शिकले लॉस एंजेलिसला यूसीएलए विद्यापीठात. तिथे मँटल हूड नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी १९६० साली बाय-म्युझिकॅलिटीची कल्पना मांडली, की ज्या संगीताचा अभ्यास करताय ते स्वतः वाजवायला शिका, लांब बसून वह्या भरून भागणार नाही. त्यातूनच १९६१ ला तिथे विद्यार्थ्यांचा मारियाची उभा राहिला, नाव उक्लात्लान. मेक्सिकोतल्या जुन्या नाहुआत्ल भाषेत -त्लान म्हणजे ठिकाण, आपल्या गावांच्या नावांत -पूर असतं ना तसं (तेकालित्लान, मासात्लान वगैरे), त्याच्या आधी यूसीएलए (अक्षरं सलग वाचली की उक्ला) जोडून टाकलं. आणि शिकवायला मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यातून आलेले पारंपरिक वादक. मला हे फार मोठं वाटतं, पीएचडी करणारी मुलं आणि गुरू गावाकडच्या परंपरेत तयार झालेला माणूस.

शीही या ग्रुपमध्ये वाजवायला लागले ते कायमचेच. नोकरीसाठी वॉशिंग्टनला गेले तर १९७८ ला तिथे मारियाची लॉस अमिगोस सुरू केला, ट्रंपेट वाजवत राहिले. पुढे स्मिथसोनियन फोकवेज या रेकॉर्ड कंपनीचे डायरेक्टर झाले आणि तिथूनच नाती कानो यांच्या लॉस कांपेरोस या मारियाचीचे अल्बम निघाले, त्यातल्या एकाला २००९ मध्ये ग्रॅमी मिळालं. कानोंसारख्या माणसाला रेकॉर्डिंगच्या टेबलापलीकडे स्वतः वाजवणारा अभ्यासक बसलेला असणं किती सोपं गेलं असेल!

काही जण म्हणतात वर्गात शिकवलं की मारियाची कडक होतो, इस्त्री केल्यासारखा. मला नाही पटत. शिकवणारा माणूस लग्नात, चर्चमधल्या मिसामध्ये, स्मशानात वाजवून आलेला असेल तर ते सगळं त्याच्या हातातून खाली उतरतंच. मला गिटारोन शिकवणाऱ्या आमच्या बाई तशाच आहेत.

सोन हालिसिएन्से म्हणजे हालिस्कोकडचा मारियाचीतला गाण्याचा प्रकार, त्याचा ठेका मला सुरुवातीला दादराच वाटला, सहा मात्रा, तीन-तीन. पण मध्येच तो दोन-दोन-दोन होतो आणि विउएला (मारियाचीतली छोटी गिटार) वाजवणाऱ्याचा उजवा हात वर-खाली वळून जोर भलतीकडेच टाकतो. हाताच्या या फिरण्याला तिथे मानिको म्हणतात. मी बोटांवर मात्रा मोजत होते तर बाईंनी माझा हात धरून खाली केला, म्हणाल्या मोजू नकोस, त्याच्या मनगटाकडे बघ आणि तो जिथे श्वास घेतो तिथे तू तार ओढ.

चौथ्या वेळेला जमलं. एकच आवर्तन, पण जमलं. पोटाशी धरलेलं ते लाकूड असं काही थरथरलं की नंतर घरी येऊन भात लावतानाही मला ते बरगड्यांत जाणवत होतं.