डावा कोपरा

आळंदीहून निघाले तेव्हा सॅकमध्ये दोन साड्या, रेनकोट, क्रेप बँडेज, गोळ्या आणि माझ्या भावाचा एक नीकॅप. नीकॅप मला सैलच होतो, वापरायला घेतलाच नव्हता, नुसता जवळ असावा म्हणून. ही २०२४ ची वारी. लिहायला मात्र आत्ता बसलेय.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. कबड्डी खेळायचा, लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डावा कोपरारक्षक. रेडर, म्हणजे चढाई करणारा, बोनस गुणासाठी पाय टाकतो ना, त्या क्षणाला खाली झेपावून घोटा धरायचा, जरा उशीर झाला की रेडर मध्यरेषेपलीकडे गेलाच म्हणून समजा. त्याचा अँकल होल्ड सुटलेला मी फार कमी वेळा बघितलाय आणि हे बहीण म्हणून सांगत नाहीये. मैदानात शिरताना वाकून माती कपाळाला लावायची सवय, पुढे मॅटवर खेळायला लागला तरी हात खाली जायचाच.

आणि घर. पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा, डेअरीला दूध, मग ग्राउंड. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आठवड्यातच बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तर हा गेलाच नाही, मी फोनवर रडले तर मलाच म्हणतो, "ताई, चाचणी परत येती, तू रडू नको." बाबांना उचलून न्हाणीत न्यायचा, अंघोळ घालायचा, दाढी करून द्यायचा. एका स्पर्धेत उत्कृष्ट पकडीचं बक्षीस म्हणून टेबल फॅन मिळाला होता, तो रात्री बाईकवर मांडीत धरून आणला आणि आईच्या उशाशी लावला, अजून तिथेच चालतोय.

आमचं गाव फलटणजवळ. माऊलींची पालखी विमानतळाच्या तळावर उतरली की याची सगळी टीम तेलाच्या बाटल्या घेऊन तिथे, वारकऱ्यांचे पाय चोळून द्यायला. २०२० आणि २१ ला पायी वारी नव्हती, पादुका एसटीने गेल्या, ती दोन वर्षं याला चैन नव्हती. २०२२ ला पालखी परत आली तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत बसला होता. मी त्याला म्हटलं होतं, अरे वर्षभर घोटे धरून माणसं पाडतोस आणि इथे तेच घोटे चोळतोस, तर नुसता हसला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मॅच खेळून रात्री परत येताना रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर बाईक आदळली. ट्रॉलीला मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. चोविसावं चालू होतं त्याचं. एक साधी लाल पट्टी लावायला किती पैसे लागतात हो? दर हंगामात अंधारात अशा ट्रॉल्या उभ्या दिसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो.

दिवे घाटाचं वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. पुण्याहून सासवडचा तो टप्पा लांबलचक, रात्री पायाला फोड आले ते नीरेपर्यंत पुरले. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून अश्वांची दौड, तिथे मला काहीच वाटलं नाही खरं सांगते, डोक्यात फक्त फलटण होतं.

फलटणला तळावर टीमची पोरं दिसली, तीच जर्सी घातलेली. त्यातल्या एकानं मला ओळखलं नाही, "माऊली पाय द्या" म्हणत पाय मांडीवर घेतला आणि टाचेच्या वरच्या शिरेवरून अंगठा फिरवत वर न्यायला लागला. माझा भाऊ आईचे पाय दाबायचा ते अगदी असंच, अंगठा आधी टेकवून थांबायचा, मग वर. मी नाव सांगितलं तसं ते पोरगं गप्पच झालं, मग म्हणालं, "ताई, हे त्यानंच शिकवलंय आम्हाला." आई डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली होती. माझं जेवण झाल्यावर ती उठली, त्या पोरांच्या रांगेत जाऊन बसली, तेलाची बाटली घेतली आणि एका म्हाताऱ्या बाबांचा पाय ओढून घेतला. कोणी काही बोललं नाही. तासभर बसली होती.

१५ जुलैला बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण. १५ जुलै म्हणजे कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, आपल्याकडे कबड्डी दिन, भावाच्या मोबाईलवर सकाळपासून मेसेज असायचे. अश्व धावून गेले, त्यांच्या टापांखालची माती घ्यायला माणसं खाली वाकली आणि सगळ्यांचे हात एकदमच कपाळाला गेले. मग खेळ सुरू झाले, फुगड्या, मनोरे आणि एका बाजूला हुतूतू. पांढरी दाढी, धोतर वर खोचलेलं, सत्तरीच्या पुढचे असतील ते बाबा, दम घुमवत आले आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या बाबांनी त्यांचा घोटा धरला. डावा कोपरा. दोघंही मातीत पडले, उठले आणि एकमेकांच्या पाया पडले. मी तिथे जी रडले, नोव्हेंबरनंतर तशी रडलेच नव्हते. शेजारच्या मावशींनी काही विचारलं नाही, फक्त पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी मूठभर माती घेतली, ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून नीकॅपमध्येच गुंडाळली.

एकादशीला एवढ्या गर्दीत दर्शनबारीत उभं राहायचं त्राण नव्हतं, कळसाला हात जोडले आणि रात्रीच्या एसटीने फलटण गाठलं. आईनं सॅक उपसली, नीकॅप सापडला, माती बघून झटकायला निघाली. म्हटलं राहू दे गं, रिंगणातली आहे. तिनं तसाच घडी घातला आणि फॅनशेजारी ठेवला.