थायरॉइडची गोळी सहा आठवडे करते तरी काय?

नाशिकमध्ये बायोकेमिस्ट्री शिकवते, त्यामुळे डॉक्टर नसूनही माझ्याकडे रिपोर्ट येतात. व्हॉट्सॲपवर येतात, लग्नात जेवणाच्या रांगेत येतात, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तर हटकून. डोस वाढवू का, हे मी सांगत नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण एक प्रश्न मात्र माझ्याच विषयातला असतो: ‘मॅडम, तापाची गोळी तासाभरात लागू पडते. ही थायरॉइडची महिना झाला घेतेय, थकवा जाईना, केस गळायचे थांबेनात, आणि डॉक्टर म्हणतात सहा आठवड्यांनी टीएसएच करा. एवढे दिवस ही करते तरी काय?’

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी हिशोबाचा भाग उरकू. गोळीत असतं थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोर. त्याचं रक्तातलं अर्धायुष्य साधारण सात दिवस. रोज तोच डोस घेतला, तर रक्तातली पातळी जिथे जाऊन स्थिरावणार, त्याच्या निम्म्यावर ती पहिल्या आठवड्यात पोचते, दुसऱ्यात पाऊण, आणि पाचव्या आठवड्याअखेर सुमारे 97 टक्के. त्याआधी तपासणी केली तर अर्धवट भरलेली टाकी मोजल्यासारखं होतं. सहा आठवड्यांचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं पेशीच्या केंद्रकात आहे.

टी-फोरवर आयोडीनचे चार अणू असतात. पेशींमधली एन्झाइम्स त्यातला एक काढतात आणि टी-थ्री तयार होतं. खरं काम याचं. तापाच्या गोळीसारखं ते एखाद्या एन्झाइमला जागच्या जागी अडवून मोकळं होत नाही. ते केंद्रकात जातं आणि तिथे डीएनएवर आधीच बसलेल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोन ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला, जाऊन मिळतं. ‘आधीच बसलेल्या’ हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा.

हा रिसेप्टर डीएनएवर वाटेल तिथे बसत नाही. ए-जी-जी-टी-सी-ए ही डीएनएची सहा अक्षरं, मग चार अक्षरांचं अंतर, मग पुन्हा तीच सहा, अशी जागा त्याला विशेष मानवते. सोबत बहुधा आरएक्सआर नावाचा जोडीदार असतो. टी-थ्री नसतानाही ही जोडी तिथे ठाण मांडून असते, आणि नुसती बसून राहत नाही. एनकोर, स्मर्ट अशी प्रथिनं ती जवळ ओढून घेते. त्यांच्याबरोबर आलेलं एन्झाइम हिस्टोन नावाच्या प्रथिनांवरचे ॲसिटिल गट, म्हणजे छोट्या रासायनिक खुणा, काढून टाकतं. डीएनए याच हिस्टोनांवर गुंडाळलेला असतो, त्यामुळे तो आणखी घट्ट होतो आणि ते जनुक वाचलं जात नाही. टी-थ्री आलं की रिसेप्टरच्या शेपटाकडचा एक तुकडा आत वळतो. एनकोर-स्मर्टची पकड सुटते, त्यांच्या जागी दुसरी प्रथिनं येतात, ॲसिटिल गट परत लावतात आणि जनुकाचं वाचन सुरू होतं.

म्हणजे हार्मोन कमी पडलं की कारभार नुसता थंडावत नाही, तो दाबून धरला जातो. याचा पुरावा उंदरांवरच्या प्रयोगांत मिळाला. ज्या उंदरांत थायरॉइड ग्रंथीच नीट तयार होत नाही, ते हार्मोन दिलं नाही तर दूध सुटण्याच्या सुमारास मरतात. पण थायरॉइडचे सगळेच रिसेप्टर काढून टाकलेले उंदीर मात्र जगतात! हार्मोनविना रिसेप्टर असणं हे रिसेप्टर नसण्यापेक्षा वाईट. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच, आणि वर्गात ती सांगितल्यावर मागचे बाकही जागे होतात.

रिसेप्टरचं जनुक हाती लागलं ते 1986 मध्ये, आणि कुठून, तर कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या एका विषाणूच्या अभ्यासातून. विषाणूने पळवलेली रिसेप्टरची आवृत्ती बिघडलेली आहे; टी-थ्री तिला बांधताच येत नाही, त्यामुळे ती जनुकं कायम दाबूनच ठेवते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. तिकडच्या मंडळींना हे पटवायला मला कष्ट पडत नाहीत. घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) द्रावणात बुडवले म्हणून मणी त्याच दुपारी फुगत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं. जीए हेही हार्मोनच. वेलीच्या पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीच्या जनुकांना अडवून धरतात आणि जीए आलं की ती मोडीत निघतात. फरक एवढाच, की तिथे अडवणारा संपतो. आपल्याकडे अडवणाराच फितूर होतो.

वाचन सुरू झाल्यावरही सगळं लगेच होत नाही. आधी आरएनए, मग त्यावरून प्रथिन, मग ते पुरेसं साठायला हवं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधन संस्थेत जमशेद टाटा या बायोकेमिस्टने थायरॉइड काढलेल्या उंदरांना टी-थ्रीचं इंजेक्शन दिलं. काही तासांत आरएनए बनण्याचा वेग वाढला. शरीराचा चयापचय वाढायला मात्र दीड-दोन दिवस लागले. आरएनए बनू न देणारं औषध सोबत दिलं, तर चयापचय वाढलाच नाही. हृदयात कॅल्शियम ओढणाऱ्या पंपाचं जनुक, यकृतात एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलणाऱ्या रिसेप्टरचं जनुक, अशी कितीतरी या यादीत आहेत. थायरॉइड कमी असलेल्यांचं कोलेस्टेरॉल वाढतं ते यामुळेही. केसांचं चक्र तर महिन्यांचं, त्यामुळे ते सगळ्यात शेवटी सावरतात.

टीएसएच वाढलं म्हणजे ‘थायरॉइड वाढला’ असं बरेच जण म्हणतात. उलट आहे. टीएसएच हे थायरॉइडचं नव्हे, मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचं हार्मोन; थायरॉइडला कामाला लावणारं. पिट्यूटरीमध्ये टी-थ्री आणि रिसेप्टर मिळून टीएसएचचं जनुक बंद करतात. हार्मोन कमी पडलं की ते मोकाट सुटतं आणि रिपोर्टमध्ये आकडा चढतो.

मोठ्या माणसाला हा उशीर परवडतो. जनुकं पुन्हा वाचली गेली की गाडी बहुतेक रुळावर येते. नवजात बाळाचं तसं नसतं. मेंदूची घडण ठरलेल्या काळात होते, आणि तेव्हा ही जनुकं दाबलेलीच राहिली तर पुढे कितीही गोळ्या दिल्या तरी ते नुकसान पुरतं भरून येत नाही. बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच बघतात ते त्यासाठीच. त्यात दोष निघाला तर उपचार पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू करायचे असतात, आणि पुढची तपासणीही सहा आठवड्यांनी नाही, एक-दोन आठवड्यांतच असते.