मामांसाठी आखूड फिन्स: आधी पाऊल, मग पातं

मामांना स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, शिकवतोय. मागच्या नोंदीपर्यंत त्यांचा मास्क नीट बसला होता आणि नळीतून श्वास जमला होता. आता फिन्स, म्हणजे पायात घालायचे, पुढं चपटं पातं असलेले पंख. दिवाळीनंतर मालवणला जायचं ठरलंय. सोलापूरहून समुद्र गाठायचा म्हणजे सांगोला, मिरज, कोल्हापूर करत जवळपास अख्खा दिवस जातो. म्हणून जे तपासायचं ते इथल्या पोहण्याच्या तलावातच तपासून घेतोय.

मामा अक्कलकोटकडच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून पोहायला शिकले. दम भरपूर आणि पाण्याची भीती अजिबात नाही. पण विहिरीला लांबी नसते. तिथं माणूस डोकं वर काढून, गुडघे पोटाशी घेत जागच्या जागी तरंगायला शिकतो. फिन्स चढवल्या की हीच सवय आडवी येते. गुडघा दुमडला की पातं पाणी मागं लोटत नाही, नुसतं वरखाली सरकतं. तलावावर याला सायकल मारणं म्हणतात. लाथ कमरेतून निघायला हवी, गुडघा किंचित सैल आणि घोटा ताणलेला. लांब, कडक पातं लावून हे शिकायला गेलं की पोटरीत गोळा येतो. आखूड पात्यावर तेवढा जोर पडत नाही, लाथ चुकली तरी पाय लगेच सावरता येतो. शिवाय २५ मीटरच्या तलावात शेजारच्याला लागत नाही.

तलावावर एकानं "आखूड म्हणजे पोरांच्या" असं सांगून मामांना बिचकवलं होतं. तसं काही नाही. अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी १९४०च्या सुमारास बाजारात आणलेल्या रबरी फिन्स आखूडच होत्या, आणि लाटांवर अंगानं घसरणारे लोक त्या अजूनही वापरतात.

तीन प्रकार घालून पाहिले. पहिला, पोहण्याच्या सरावाचा: रबरी आणि अगदी तोकडा. लाथ सुधारायला फार चांगला, पण त्यात पाय भराभर मारावे लागतात. भराभर पाय मारले की धाप लागते आणि नळीतून धापा टाकत श्वास घेणं नवख्याला जड जातं. त्यातून समुद्रात अंगात लाइफ जॅकेट असणार. जॅकेटनं छाती वर उचलली जाते, पाय खाली लोंबतात, तेव्हा एवढ्याशा पात्यानं पुढं सरकणं अवघड. माझं मत पक्कं आहे: स्नॉर्केलिंगच्या फिनला संथ लाथेतही पुढं नेता आलं पाहिजे.

दुसरा, मागं पट्टा असलेला. पिशवीत मावतो, घरात दोघंतिघं वापरू शकतात. पण पट्टा उघड्या टाचेवर घासतो आणि मामांच्या पावलाच्या वरच्या बाजूला प्लास्टिकची कड रुतत होती. आत बूट घालणार असाल तर हा घ्या.

तिसरा, बुटासारखा बंद टाचेचा आणि सरावाच्या फिनपेक्षा थोडं लांब, लवचीक पातं असलेला. आम्ही हा निवडला, पण मापावर बराच वेळ गेला. मामांची आयुष्यभर चपलेत वावरलेली पावलं पुढं रुंद आहेत. बुटाचं ८ माप म्हणजे युरोपियन ४२, म्हणून ४२-४३ घालून पाहिलं. लांबी बरोबर, पण करंगळी चेपली जात होती. एक माप वर गेलो तर टाच सुटायला लागली. शेवटी मोठं माप आणि आत निओप्रीनचे (मऊ, फेसाळ रबराचे) पातळ मोजे, असं जमलं. मोज्यांनी टाचेकडची पोकळी भरली आणि घासणंही थांबलं.

दुकानात बसल्या बसल्या पाय हवेत जोरात झटकून बघा. टाच निसटली तर फिन सैल, बोटं वळली तर घट्ट. पाण्यात सैल फिन आणखी सैल वाटते, म्हणून "होईल की नीट" म्हणून घेऊ नका.

गेल्या आठवड्यात मामांनी भिंतीलगतच्या लेनमध्ये न थांबता ये-जा केली. बाहेर आल्यावर म्हणाले, "आता मांडीला कळतंय रे, पोटरीला नाही." मला हेच ऐकायचं होतं! तळपायात एकदा गोळा आला, तेव्हा पात्याचं टोक हातानं धरून अंगाकडं ओढलं, की सुटला. ही युक्ती प्रत्येक नवख्याला आधीच शिकवून ठेवा.

मालवणचा काही भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं खडकांवर, प्रवाळांवर पाय टेकायचा नाही हे मामांना आत्ताच बजावलंय. आखूड पातं खडकाला कमी लागतं, पण जोराच्या ओढीत ते अपुरं पडतं. त्यामुळं जॅकेट आणि नावेवरचा गाइड सोडायचा नाही.

पुढच्या आठवड्यात जॅकेट आणि फिन्स एकत्र घालून पोहायचंय. पाय किती खाली जातात ते बाजूनं पाण्याखालून चित्रित करून घेतो, म्हणजे लाथेचा कोन नीट दिसेल.