खोट टाकसाळीतली की बाजारातली?

जुनी नाणी चाळताना किमतीआधी एकच गोष्ट ठरवावी लागते: नाण्यावर दिसणारी खोट पाडतानाच राहिली, की नंतर कुणाच्या हातून झाली? सुट्टी लागताच रुपये, पन्नास पैसे, चार आणे अशी विकत घेतलेली सरमिसळ पसरून बसलो. चिंच-मीठ लावून एकही घासलं नाही. घासलेल्या नाण्यावरचा मूळ तजेला जातो आणि पुरावाही.

दिवा समोर न ठेवता बाजूला, खाली ठेवला. तिरप्या उजेडात उंचसखल लगेच कळतं. 1974 च्या एका पन्नास पैशावर आकड्यापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ होती. भिंगाखाली ती वर आलेली दिसली, म्हणजे ठशाला तडा गेलेला. दाब पडला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ उंच उमटते. ओरखडा मात्र खोल जातो आणि त्याच्या दोन्ही काठांवर धातू उकरलेला असतो. एवढं पक्कं झालं की निम्मी रास आपोआप बाजूला पडते.

खरा आनंद दिला एका पंचवीस पैशाने. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा नव्हता. पत्र्यातून नाण्यांच्या कोऱ्या चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापणारा साचा पडला की असं होतं. पण तुकडा कानशीने घासूनही काढता येतो, म्हणून बरोबर समोरची कड पाहिली. तिथे काठ पुसट, दबलेला होता! छापण्याआधी चकती कडेने दाबून तिचा काठ उंच करतात; तेव्हा कापलेल्या जागी आधार मिळत नाही, त्यामुळे समोरही दाब कमी पडतो. घासणाऱ्याला हे साधत नाही. वजनही अडीच ग्रॅमपेक्षा कमी भरलं.

आकडे दुहेरी दिसणारी नाणी भरपूर निघाली. त्यांतली बहुतेक ठसा उचलताना हलल्यामुळे झालेली असतात: आकड्याच्या बाजूला चपटी पायरी आणि मूळ आकडा बारीक. त्यांना जादा पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की पुढच्या नाण्यावर त्याची उलटी, खोल छाप पडते; अशा नाण्याला 'लाखी' म्हणतात. 'लाखी' म्हणून घेतलेल्या रुपयावर एका बाजूला तशी छाप होती. तिच्याखाली मूळ नक्षीचे अवशेष दिसत होते आणि पाठची बाजू चेपलेली होती. दोन नाणी शिकंज्यात दाबून केलेलं ते काम. ते वेगळ्या पाकिटात, वर 'बनावट' लिहून ठेवलंय.

1943 चा एक भोकाचा पैसा अजून बाकी आहे. भोक चांगलंच सरकलंय, पण त्याचा काठ आधी नीट पाहायचाय.