मान्तेका

मेक्सिकोतल्या सिलाओच्या एका कारखान्यात पुण्याहून आलेल्या मशिनी बसवायचं काम चाललं होतं आणि मी त्या टीमची दुभाषी होते. ग्रीस, गळती, टॉलरन्स असले शब्द दिवसभर इकडून तिकडे न्यायचे. तिथल्या सुपरवायझरने एका रविवारी आम्हा सगळ्यांना ग्वानाहुआतो शहरात आपल्या आईकडे जेवायला बोलावलं. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअर, ज्यांना सगळे काकाच म्हणायचे, पक्के शाकाहारी. म्हणून आदल्या रात्री मी मुद्दाम फोन केला. सेन्योरा, म्हणजे त्याच्या आई, म्हणाल्या, मांस अजिबात नाही गं; चीज, कांदा, बटाटा, गाजर, आणि सगळं मान्तेकात तळलेलं.

मी काकांना सांगितलं, "लोण्यात तळणार आहेत." काका खूश.

बेत 'एन्चिलादास मिनेरास'चा होता, म्हणजे खाणकामगारांच्या एन्चिलादा. हे शहर चांदीच्या खाणींवर वाढलेलं, नाव तिथून आलं. काकांनी पुण्यात खाल्लेला, भट्टीत भाजलेला, पिवळ्या चीजखाली बुडालेला प्रकार हा नव्हेच. एन्चिलादा म्हणजे शब्दशः 'मिरची लावलेली'. तोर्तियाला, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीला, मिरची लागली, झाली एन्चिलादा.

मिरची ग्वाहियो नावाची, वाळलेली. गुळगुळीत सालीची, गडद लाल, तिखटापेक्षा रंगाला जास्त. आपली ब्याडगी आठवावी अशी. सेन्योरांनी देठ-बिया काढून ती कोमालवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर, क्षणभर शेकली. "काळी पडली की कडू," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि मीही दोनदा सांगितलं. मग गरम पाण्यात भिजवून लसूण, मीठ आणि ओरेगानो घालून मिक्सरमधून काढली, गाळली. तोर्तिया कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या, आदल्या दिवशीच्या. ताज्या मऊ असतात, रसात बुडवल्या की फाटतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात आणि मग दळतात, हे मी सांगितल्यावर काकांनी विचारलं, "चुना? पानाला लावतात तो?" तोच. सेन्योरांना पानाचं समजावताना माझी मात्र दमछाक झाली.

एका कढईत बटाटे-गाजरं आधीच परतून झाली होती. तोर्तियांसाठी त्यांनी डब्यातून पांढरा गोळा काढून दुसऱ्या कढईत टाकला. काका कौतुकाने म्हणाले, "थंडीत गोठलेलं तूप दिसतंय. आमच्याकडे गाईच्या दुधाचं करतात, सांग त्यांना."

मी सांगितलं. सेन्योरांचा हात थांबला. "गाईचं? हे डुकराचं आहे."

मला स्पॅनिश शिकवणारे सर अर्जेंटिनाचे. तिकडे मान्तेका म्हणजे लोणी. मेक्सिकोत लोण्याला मान्तेकिया म्हणतात आणि मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. हा फरक मी कधीतरी वाचलाही होता. फोनवर मात्र कानाला जो अर्थ आधी सापडला तो तोंडातून गेला. दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं, असं शिकवतात. त्या दिवशी दोन्ही भाषांत स्वतःचंच बोलावं लागलं, आधी मराठीत, मग स्पॅनिशमध्ये. काका काही बोलले नाहीत, दोन पावलं मागे सरकले एवढंच.

सारवासारव म्हणून मी म्हटलं, मक्याच्या तोर्तियात चरबी नाही, मिरचीच्या रसात नाही, वेगळ्या कढईत तेल घातलं की झालं. सेन्योरा हसल्या. "नो एस एन्चीलामे ओत्रा." म्हणजे, 'अजून एक मिरची लावून दे' इतकं सोपं नाहीये ते. मेक्सिकोतली नेहमीची म्हण, पण एन्चिलादा करता करता ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. भाजी तर चरबीत परतून झालेली. त्यांनी नवे बटाटे उकडायला लावले, नवी गाजरं कापली. तेलाला ती चव येत नाही, हे पुटपुटणं शेवटपर्यंत चालू होतं.

मग तोर्तिया आधी मिरचीच्या रसात आणि लगेच तेलात. बऱ्याच ठिकाणी आधी तेल, मग रस, इथे उलट. रस चरचरून उडतो, माझ्या कुर्त्यावरचे डाग अजून गेलेले नाहीत. पण मिरची तोर्तियाला चिकटून बसते आणि कडा किंचित कुरकुरीत होतात. मला तर हीच पद्धत पटते. आत कुस्करलेलं ताजं चीज आणि बारीक कांदा, घडी घालायची, वर बटाटा-गाजर आणि सॅलडची चिरलेली पानं. पहिलं ताट काकांना. त्यांनी सहा खाल्ल्या.

सातवीसोबत घोटलेल्या काळ्या घेवड्याच्या भांड्याकडे त्यांनी हात नेला, तेव्हा सेन्योरांनी भांडंच उचललं. "यातही मान्तेका आहे. घोटलेले फ्रिहोलेस आम्ही तिच्यातच परततो."

काका माझ्याकडे वळले. "अगं, मग तीन आठवडे हॉटेलात रोज सकाळी मी जे खातोय ते?"

सेन्योरांनी विचारलं, काय म्हणतायत?

मी म्हटलं, पाणी मागतायत.