होक्काइदोच्या खोल बर्फासाठी स्नोबोर्ड निवडताना

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या निसेकोत जानेवारीत एका रात्रीत तीस-चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला तरी कुणाला त्याचं नवल वाटत नाही. सैबेरियावरून येणारा कोरडा, गार वारा जपानचा समुद्र ओलांडताना बाष्प उचलतो आणि होक्काइदोच्या पश्चिमेकडच्या डोंगरांना अडला की सगळं तिथेच रिकामं करतो. थंडी उणे दहाच्या आसपास असते, त्यामुळे हा बर्फ मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. रांगोळीसारखा बोटांतून निसटतो. अशा पावडरमध्ये मांडीपर्यंत बुडून उतरायचं तर बोर्ड कसा हवा, हे शोधण्यात माझा जवळजवळ अख्खा हंगाम गेला. ओळखीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी टोकियोत, निशी-कासाईला राहते. वजन ५८ किलो, बुटाचं माप जपानी पद्धतीने २४.५ सेंटिमीटर. माझ्याकडे १४६ सेंटिमीटर लांबीचा, पुढून-मागून सारखाच, म्हणजे ट्विन आकाराचा बोर्ड होता. मशीनने दाबून सपाट केलेल्या उतारावर तो मला अजूनही फार आवडतो. खोल बर्फात मात्र त्याचं टोक खाली शिरायचं. ते वर ठेवायला सतत मागे रेलावं लागायचं आणि दुपारपर्यंत मागच्या पायाची मांडी इतकी भरून यायची की वळण घ्यायची ताकदच उरायची नाही. पाय थकला की झाडांमध्ये वेळेवर वळता येत नाही, आणि तिथे तो प्रश्न थेट सुरक्षिततेचा होतो.

पावडरचे बोर्ड हे मागे रेलण्याचं काम आकारातूनच करतात. बाइंडिंगची, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पकडींची, भोकं मध्यापेक्षा मागे सरकवलेली असतात, म्हणजे पुढे जास्त लांबी मिळते. नोज, म्हणजे पुढचं टोक, रुंद आणि वर उचललेलं असतं, टेल, म्हणजे मागचं टोक, अरुंद असते. नोज आणि टेलच्या रुंदीतला हा फरक म्हणजे टेपर. अरुंद टेल आपणहून बुडते, म्हणून नोज वर येतं. टेल मधोमध कापून दोन टोकांची केली, म्हणजे स्वॅलोटेल केली, की ती आणखी सहज बुडते. ही कल्पना नवी नाही: दिमित्री मिलोविच यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या युटामध्ये विंटरस्टिक नावाने असेच बोर्ड बनवले होते, आणि तेही खोल बर्फासाठीच. जपानमध्ये हा धागा तारो तामाई यांनी पुढे नेला. १९९८ साली त्यांनी निसेकोत गेंटेमस्टिक सुरू केलं. ते बोर्ड लाटांवरच्या सर्फबोर्डच्या विचाराने घडवलेले असतात. मी ते हातात घेऊन बराच वेळ न्याहाळले. किंमत एक लाख येनच्या वर असल्याने खरेदीचा विचार केला नाही, पण आकार कसा वाचायचा हे मला त्यांच्यामुळे कळलं.

टोकियोत कान्दा भागातल्या ओगावामाचीला स्की आणि स्नोबोर्डच्या दुकानांची रांग आहे, जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांना अगदी लागून. तिथल्या एका विक्रेत्याने मी लांबी विचारायच्या आत मलाच विचारलं, "कुठल्या डोंगरावर चालवणार? झाडांत की उघड्यावर?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. हनुवटीपर्यंत येईल तो बोर्ड आपला, हे आपण सगळे पहिल्या दिवशी ऐकतो, पण बोर्डाला उंची कळत नाही, वजन कळतं. आणि तेही अंगावरच्या सगळ्या सामानासकट. कपडे, बूट, हेल्मेट, पाठीवर फावडं, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्या माणसाला शोधायची काठी), पाणी असं धरलं की माझे ५८ किलो ६५च्या पुढे जातात. कंपनीच्या तक्त्यात ५८ला खुशाल बसणारे काही बोर्ड या हिशेबाने काठावर आले.

मग निसेकोतल्याच हिराफूला भाड्याने वेगवेगळे बोर्ड घेतले. वसंतात दुकानं नव्या मॉडेलच्या चाचण्या ठेवतात, पण तेव्हाचा ओला बर्फ पावडरबद्दल काहीच सांगत नाही. चाचणी जानेवारी-फेब्रुवारीतच व्हायला हवी, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

पहिला होता १५६चा, लांब, कडक, जवळजवळ पूर्ण कॅम्बरचा, म्हणजे मधे कमानीसारखा उचललेला, फ्रीराइड (मोकळ्या डोंगरउतारासाठीचा) बोर्ड. उघड्या उतारावर वेग घेतला की त्याच्याइतकं निर्धास्त दुसरं काही वाटलं नाही. पण वेग हीच त्याची अट होती. निसेकोतली मजा दाकेकांबा या बर्चच्या झाडांमध्ये आहे, आणि तिथे उतार फारसा तीव्र नसतो. हळू गेलं की हा बोर्ड बुडायचा आणि दोन झाडांमधल्या जागेत वळायला आधीपासून तयारी करावी लागायची. माझी नागपूरची मैत्रीण मागून ओरडली, "अगं, वळ ना, समोर झाड आहे!" वळले, पण अंगातली सगळी ताकद लावून.

मग १४४चा आखूड-रुंद घेतला. लांबी कमी करून ते क्षेत्रफळ रुंदीत भरून काढायचं, असा हा प्रकार. सध्या तो सगळीकडे सुचवला जातो. तरंगण्यात तो अप्रतिम होता, अगदी संथ वेगातही. अडचण माझ्या पावलांची होती. त्याची मधली रुंदी, म्हणजे वेस्ट, २६.२ सेंटिमीटर होती. माझ्या २४.५च्या पावलाची टाच आणि बोटं कडेपासून बरीच आत राहायची, त्यामुळे बोर्ड एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लोटायला प्रत्येक वेळी जादा जोर लागायचा. पावडरमध्ये ते खपून जातं; लिफ्टकडे परतताना दाबलेल्या बर्फावर घोटे दुखायला लागतात. मोठ्या पावलाच्या माणसासाठी हाच बोर्ड उत्तम ठरेल, कारण अरुंद बोर्डावर त्याचे बूट बाहेर येऊन बर्फाला घासतात. म्हणून "रुंद घ्या" हा सल्ला ऐकताना देणाऱ्याच्या बुटाचं माप विचारून घ्यावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. दुकानात अनवाणी पावलं बाइंडिंगच्या जागी ठेवून बघितली तरी बरंच कळतं.

शेवटी जो घेतला तो १५०चा आहे: वेस्ट २५, टेपर १८ मिलिमीटर, नोजला रॉकर (वरच्या दिशेने बाक), पायांखाली कॅम्बर, छोटी स्वॅलोटेल, कडकपणा मध्यम. महिलांच्या रॅकवर या मापाचं मऊ मॉडेलच जास्त दिसलं. हा पुरुषांच्या रॅकवरचा सर्वांत लहान आकार होता, आणि वजनाच्या तक्त्यात मी सामानासकट अगदी मध्यावर बसत होते. भाड्याने चालवून झाल्यावर तोच, आदल्या हंगामाचा, सवलतीत मिळाला. जुना घेणाऱ्यांनी कडेची पोलादी पट्टी तडकली आहे का, थर सुटले आहेत का, तळ कुठे भरून काढला आहे का, हे उजेडात धरून बघावं.

गुलमर्गला जाणाऱ्यांनी माझी मापं जशीच्या तशी उचलू नयेत. तिथला गोंडोला अफरवतवर ४,००० मीटरच्या आसपास नेतो, झाडांच्या रेषेच्या कितीतरी वर. निसेको अन्नुपुरीचं शिखरच १,३०८ मीटर आहे. अफरवतच्या उघड्या, वाऱ्याने कडक झालेल्या उतारावर मला तो १५६चा बोर्ड जास्त भरवशाचा वाटेल. खाली झाडांत शिरायचं असेल तर मधलं काहीतरी. बीकन (बर्फाखाली गाडलं गेल्यास ठिकाण कळवणारं यंत्र), फावडं, प्रोब आणि सोबती मात्र दोन्हीकडे हवेतच. निसेकोत हद्दीबाहेर फक्त उघडलेल्या गेटमधूनच जायचं असतं, दोरीखालून जायला सक्त मनाई आहे. झाडाच्या बुंध्याभोवती बर्फ पोकळ असतो. त्यात डोकं खाली करून पडलं तर एकट्याने निघणं जवळजवळ अशक्य. मैत्रीण नजरेआड गेली की मी थांबते.

बोर्ड आला तरी जुळवणी बाकी होती. पूर्वी माझे दोन्ही पाय बाहेरच्या दिशेला वळलेले असायचे, पुढचा अधिक १५ अंश, मागचा उणे १२. यावर पुढचा अधिक २१ आणि मागचा अधिक ३ केला. दोन्ही गुडघे पुढे आल्यावर टेलवर दाब देणं सोपं झालं. बाइंडिंग आधी कंपनीच्या खुणेवर लावली, मग खोल बर्फाच्या दिवशी दोन्ही एक-एक भोक मागे. वॅक्स कडक थंडीचं लावलं, कारण उणे बाराला साधं वॅक्स सपाट वाटेवर चिकटल्यासारखं वाटतं, आणि हिराफूच्या परतीच्या वाटांवर वेग गेला की बोर्ड काढून चालावं लागतं.

मांडी आता संध्याकाळपर्यंत टिकते. नोज वर राहतं आणि मी झाडांकडे नाही, त्यांच्यामधल्या जागेकडे बघते. जुना १४६ विकलेला नाही. मार्चच्या कडक सकाळी तोच चांगला पकडतो. पुढच्या हिवाळ्यात १,८९८ मीटरचा योतेई चढायचा आहे. त्यासाठी चढताना दोन स्की व्हाव्यात असा उभा दुभंगणारा स्प्लिटबोर्ड लागेल आणि माथ्याकडचा बर्फ कडक असेल, म्हणून वेस्ट २५च ठेवून लांबी १५२-१५४ आणि टेपर दहा-बारा मिलिमीटरचा शोधते आहे.