लक्षवेधीचा दिवस

नागपूरला थंडी पडलीय म्हणे. विधानसभेच्या हिवाळी अधिवेशनासाठी इथे आलेल्या आमच्या आरोग्य विभागाच्या कक्षात कुणाला जाणवली नाही. नियम १०५ च्या तीन लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या आमदारांच्या सूचना) आल्या होत्या: सर्पदंशाची लस (म्हणजे प्रतिविष), १०८ रुग्णवाहिका, रिक्त पदं. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या प्रश्नाला निदान ‘हे अंशतः खरे आहे’ असं लिहून सुटता येतं (अंशतः म्हणजे किती, देव जाणे). लक्षवेधीत आमदार उभे राहून उपप्रश्न विचारतात, मग सभागृहातल्या अधिकारी दीर्घेतून (गॅलरीतून) मंत्र्यांना चिठ्ठ्या पाठवताना आमची तारांबळ!

लसीच्या माहितीसाठी तालुक्याला फोन लावला. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, “साहेब, लस आहे हो. रात्री द्यायला डॉक्टर नसतात.”

हे वाक्य मंत्र्यांच्या निवेदनात कसं बसवायचं, यातच अर्धा तास गेला. शेवटी जसंच्या तसं लिहिलं. वरिष्ठांनी ‘नसतात’ खोडून ‘उपलब्धतेबाबत कार्यवाही सुरू आहे’ केलं.

दुपारी गोंधळात सभागृह तहकूब. लक्षवेधी उद्यावर.